खाट स्वस्त, मुक्काम महाग

चि. सायलीस अनेक आशीर्वाद,

पॅरिस, ॲमस्टरडॅम, रोम असा तिघी मैत्रिणींचा बेत पक्का झाला आणि आता घरात रोज रात्रीच्या भाड्यावरून वाद चालतो, असं ताईकडून कळलं. हॉस्टेल म्हटल्यावर ताईच्या डोळ्यांपुढे कॉलेजचं वसतिगृह येणारच. तिला एवढं सांग की रिचर्ड शिरमान या जर्मन शाळामास्तराने 1912 मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं युथ हॉस्टेल थाटलं, ते पायी सहलीला निघालेल्या मुलांना रात्रीचा निवारा मिळावा म्हणून. तिथे खाट घेण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न हिशेबाचा आहे.

भाडं बघण्याआधी रात्री मोजाव्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहायचं त्याच्याकडे करावा लागतो. दिवस सारखे असले तर ज्या देशातून आत शिरणार त्याच्याकडे. म्हणजे एक रात्र रोमची कमी करून पॅरिसला जोडली, तर अर्जाचा पत्ताच बदलू शकतो. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा द्यावा लागतो. त्यामुळे व्हिसा हातात पडेपर्यंत फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घ्यावं, चार पैसे जास्त पडले तरी. काही एजंट ‘डमी बुकिंग’ काढून देतात. त्या वाटेला अजिबात जाऊ नये; खोट्या कागदावर व्हिसा नाकारला जातो.

आता भाडं. ॲमस्टरडॅममध्ये 2024 पासून मुक्कामाच्या रकमेवर 12.5 टक्के पर्यटक कर आहे. 40 युरोच्या खाटेवर पाचेक युरो तिथेच वाढले. रोममध्ये हा कर दर माणशी, दर रात्री असतो आणि बहुतेकदा तो काउंटरवर वेगळा मागतात. टॉवेलचं भाडं निराळं. लॉकर असतो, कुलूप आपलं न्यावं. शिवाय आपली बँक परकीय चलनातल्या खर्चावर साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. ते बँकेच्या ॲपमधून आधी सुरू करून घे, नाहीतर ऐन वेळी पेमेंट अडकेल.

तारखेचा घोळ तर चांगल्या चांगल्यांचा होतो. विमान 12 तारखेला पहाटे 2 वाजता उतरणार असेल, तर खाट 11 च्या रात्रीची हवी. 12 ची घेतली तर दुपारी दोन-तीनपर्यंत बॅगा घेऊन बाकड्यावर. रात्री काउंटरवर माणूस असतो का, हेही विचारून घ्यावं.

फोटोंवर फार विसंबू नये. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांतले जिने अरुंद आणि भलतेच उभे असतात. लिफ्ट नसली आणि खोली चौथ्या मजल्यावर असली, तर 23 किलोची बॅग तिथवर कोण नेणार? अभिप्राय वाचताना सगळ्यात ताजे आणि सगळ्यात नाराज, असे दोन्ही वाचावेत. ‘ढेकूण’ हा शब्द शोधायला लाजू नये. 2023 मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांची एवढी बोंब झाली की परिवहन मंत्र्यांना बैठक बोलवावी लागली.

आणि एक, सगळ्यात महत्त्वाचं. बुकिंग झाल्यावर ‘कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर खोली रद्द’ असा निरोप लिंकसकट येऊ शकतो, कधी कधी हॉटेलच्याच चॅटमधून. भामटे हॉटेलचं खातं हॅक करून हे धंदे करतात, त्यामुळे नाव, तारखा सगळं बरोबर जुळतं. लिंक उघडू नये; हॉटेलच्या काउंटरवर सरळ फोन लावावा.

तिन्ही ठिकाणचे पत्ते आणि फोन नंबर कागदावर छापून घे, आणि एक प्रत निघण्याआधी ताईच्या हातात दे.

तुझा मामा