तिथी, खाडी आणि चढ : करकंबहून कोकणकिनाऱ्याची सायकलवारी

करकंबच्या माणसाला सायकलीचे अप्रूप सांगावे लागत नाही. परंतु ज्या भूमीवर आपण ती चालवीत आलो ती भीमेच्या खोऱ्यातील मोकळी, सपाट भूमी असल्यामुळे प्रवासाचा हिशेब केवळ अंतरावर करण्याची जी सवय आपल्या अंगवळणी पडली आहे, ती कोकणात उतरताच पहिल्या दोन प्रहरांत मोडते. नकाशावर समुद्रालगत ओढलेली रेघ पाहून हा रस्ता पाण्याच्या पातळीवरून सरळ जात असेल असा देशावरच्या माणसाचा समज होतो, आणि मीही प्रथम त्याच समजुतीने गेलो होतो. वस्तुस्थिती अशी आहे की सह्याद्रीचे फाटे ठिकठिकाणी थेट समुद्रापर्यंत पोहोचलेले असून दर दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा एकेक उंच सडा पसरलेला आहे. रस्ता खाडीकाठच्या नारळी-पोफळीच्या आगरांतून सड्यावर चढतो, सडा ओलांडतो आणि पुन्हा पुढच्या खाडीच्या काठी येऊन उभा राहतो. म्हणून या मुलखातील मुक्काम किती किलोमीटर झाले यावर ठरवू नयेत. आज किती चढ आहेत आणि किती खाड्या होडीने ओलांडायच्या आहेत, यावर ठरवावेत.

वसंतातील सफरीचा काळ मी फाल्गुन वद्य पक्ष असा सुचवितो. शिमग्याच्या दिवसांत मुंबईकर चाकरमानी आपापल्या गावी आलेले असतात, देवांच्या पालख्या घरोघर फिरत असतात, आणि त्या वेळी परक्याला राहण्याची जागा मिळणे दुर्घट होते. रंगपंचमी उलटली की ही गर्दी ओसरते. पाडव्याला आपण घरी असणे इष्ट आणि पाडवा धरून अकराव्या दिवशी चैत्री वारीमुळे आपल्याकडचे रस्ते भरून वाहू लागतात, तेव्हा रंगपंचमी आणि पाडवा यांच्या मधले आठ-नऊ दिवस हीच खरी संधी. पाडवा मार्चमध्ये येत असेल तर उत्तम. एप्रिलात गेला असेल त्या वर्षी मात्र उष्म्याचा विचार करून हाच कार्यक्रम महिनाभर अलीकडे घ्यावा.

तिथीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो एकादशी मोजत वाढलेल्या आपल्या गावाला विशेष सुलभ आहे. किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात : दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ, त्रयोदशीला पावणेदहा, सकाळी तशीच रात्रीही, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे, दक्षिणेकडे सरकावे तसा त्यात थोडा फरक पडतो, म्हणून स्थानिक कोळ्याला एक शब्द विचारावाच. पण ओहोटीने मोकळी केलेली ओली, घट्ट पुळण रुंद टायरच्या डोंगरी सायकलीला रस्त्यासारखी साथ देते, तर भरतीरेषेवरच्या कोरड्या वाळूत तीच सायकल हातभर रुतते. त्यामुळे हे गणित मुखोद्गत असलेला प्रवासी निम्मे श्रम वाचवितो.

प्रस्थान कुर्डुवाडीहून करावे. सोलापूर-मुंबई सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री तेथून सुटून पहाटे मुंबईस पोहोचते. सायकल लगेजमध्ये देण्याविषयी पार्सल कार्यालयात दोन-चार दिवस आधी चौकशी करून, तिला नावाची चिठ्ठी बांधून, पावती जपून ठेवावी. मुंबईत सकाळची रहदारी वाढण्यापूर्वीच माझगावच्या भाऊच्या धक्क्यावर जावे, तेथील रो-रो बोटीने सुमारे तासाभरात मांडव्याला उतरावे, आणि तेथून दक्षिणेची वाट धरावी. दिशेची ही निवड सहेतुक आहे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा सौम्य असतो, पण दुपारनंतर सुटणारा खारा वारा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीशी असतो आणि उत्तरेकडे जाणाऱ्याची छाती दाबतो.

वद्य सप्तमीच्या रात्री निघाल्यास पहिला मुक्काम अष्टमीला मुरूड-जंजिऱ्यास होतो. अलिबाग, रेवदंडा आणि कुंडलिकेवरचा पूल असा हा मार्ग बऱ्याच अंशी सोपा असल्यामुळे हा दिवस लांबलचक असला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून बोटीने दिघीस उतरून दिवेआगर व तेथून श्रीवर्धन गाठावे. या दोन गावांमधला समुद्राला बिलगून जाणारा रस्ता मला साऱ्या प्रवासात अत्यंत प्रिय आहे, आणि म्हणून त्या दिवशी अंतर मुद्दाम कमी ठेवावे, कोठेही उतरून बसण्याची मुभा असावी. तिसऱ्या दिवशी हरिहरेश्वर करून बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या बोटीत बसावे आणि वेळासला थांबावे.

वेळासविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालण्यास येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून संरक्षणाचे काम उभे केले आणि कासव महोत्सव सुरू झाला. आपण ज्या सुमारास पोहोचतो त्याच दिवसांत पिल्ले घरट्यातून बाहेर पडून समुद्राकडे जातात. त्या पुळणीवर सायकल नेऊ नये, रात्री विजेऱ्या घेऊन हिंडू नये, आणि राहण्या-जेवण्याची तजवीज गावातील घरांमध्येच आगाऊ करावी, म्हणजे कासवे राखणाऱ्या हातांनाच आपला पैसा पोहोचतो.

चौथा दिवस एकादशीचा आणि चढांचाही. केळशी, आंजर्ले, हर्णै करीत दापोलीजवळच्या मुरूडला जायचे असते. ज्यांनी उपवास धरला असेल त्यांनी शेंगदाण्याचे लाडू, केळी आणि राजगिरा जवळ बाळगावा. निराहार राहून हे चढ चढण्याचे धाडस करू नये. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव. परीक्षेला बसण्यासाठी हा मुलगा येथून साताऱ्यापर्यंत पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही, ही हकिकत त्या गावात थांबून आठवली म्हणजे सह्याद्रीची उंची पायांना निराळीच कळते.

पाचव्या दिवशी दाभोळहून धोपाव्याला जाणारी बोट आणि पुढे गुहागर. सहाव्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, तेथून बोटीने जयगड आणि मुक्काम केशवसुतांच्या जन्मगावी मालगुंडला. बोटीतून उतरताच चढ सुरू होतो हे गृहीत धरून चालावे, आणि धक्क्याकडे जाणाऱ्या उतारावर ब्रेक सारखे दाबून न धरता थांबून थांबून वापरावेत. प्रत्येक धक्क्यावरील शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशीच विचारावी. मी एकदा ती न विचारता संध्याकाळी खाडीकाठी पोहोचलो, समोरच्या गावातले दिवे पाहत उभा राहिलो, आणि मग अंधारात चढ चढून माघारी आलो.

सायकलीविषयी इतकेच सांगतो की पुढची लहान आणि मागची मोठी चकती असलेले गिअर हेच येथे खरे बळ. एकोणतीस इंची चाकांच्या ट्यूब किनाऱ्यावरच्या खेड्यांत मिळतीलच याचा भरवसा नसल्याने दोन ट्यूब, ब्रेकचे पॅड, साखळीची कडी, ठिगळांचे साहित्य आणि तेलाची कुपी घरूनच न्यावी. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने सायकल धुऊन, पुसून, साखळीला तेल द्यावे. खाऱ्या हवेत एका रात्रीतही गंजाची लाली चढते. सराव म्हणून महिनाभर आधी शिखर शिंगणापूरचा चढ दोन-तीनदा चढून यावा. तो ज्याला न उतरता चढता येतो त्याला तवसाळच्या वाटेवरील चढांचे भय नाही.

उष्म्याची जात मात्र निराळी आहे, हे विसरू नये. आपल्याकडचे ऊन कोरडे, त्यात घाम चटकन वाळतो आणि अंग निवते. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि तापमानाचा आकडा लहान दिसला तरी शक्ती लवकर सरते. पहाटे उजेड फुटताच निघावे, साडेदहाला सावली गाठावी, चारनंतर पुन्हा कूच करावे, आणि पाण्यासोबत कोकमाचे सरबत व मीठ यांत काटकसर करू नये.

चतुर्दशीच्या सकाळी गणपतीपुळे आणि आरे-वारेच्या कड्यावरून रत्नागिरीत उतरावे. तेथून चौघा-पाचांनी मिळून टेम्पो ठरवावा, म्हणजे आंबा घाट, कोल्हापूर, सांगोला या मार्गाने रात्रीपर्यंत करकंब येते. तिथीचा क्षय वा वृद्धी झाली, बोट चुकली किंवा एखाद्या गावाने अडवून ठेवले, तर त्यासाठी अमावास्या हाताशी राखलेली असते. आणि तसे काही न घडल्यास त्या दिवशी अंगणात सायकल उलटी ठेवून साखळीतली वाळू काढावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुढीला हात मोकळे राहतात.