मालवणच्या खडकांत दोन तास

आपला नरखेड तालुका समुद्रापासून फार लांब. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, नाला, जाम नदी आणि पश्चिमेच्या अंगाला वर्धा. समुद्र आपण चित्रात पाहिलेला. म्हणून गेल्या हिवाळ्यात आमच्या साक्षरता वर्गाने सहल काढायची ठरवली, तेव्हा सगळे एकदम म्हणाले, "गुरुजी, समुद्रच पाहू." अंबिया बहाराची संत्री बागांतून गेली होती. हाती चार पैसे होते. मृग बहाराच्या तोडणीला अजून अवकाश होता. आम्ही चौदा जण निघालो. नागपूरहून रेल्वेने, मग कोकण रेल्वेने कुडाळ, आणि तिथून एस.टी.ने मालवण.

आमच्यात मोवाडच्या एक बाई होत्या. वय पन्नाशीच्या पुढे. मोवाडचे नाव काढले की आपल्या तालुक्यातील माणसाला पूर आठवतो. 30 जुलै 1991 ला वर्धा नदी मोवाडात शिरली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. या बाई तेव्हा तरुण होत्या. त्या वाचल्या, घरची दोन माणसे गेली. तेव्हापासून त्यांनी नदीत पाय घातला नव्हता. गाडीतच त्यांनी सांगून टाकले, "मी काही पाण्यात उतरत नाही बापा. तुमी जा, मी चपला राखते." आम्ही म्हटले, बरे. भीतीची थट्टा करू नये. ती उगीच आलेली नसते.

मालवण हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील बंदराचे गाव. समोर समुद्रात कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी 25 नोव्हेंबर 1664 रोजी केली. किल्ल्याभोवती पाण्यात खडकच खडक. काही वर डोके काढून असतात, काही पाण्याखाली दडलेले. शत्रूची गलबते या खडकांनी अडवली. आज त्याच खडकांत लोक मासे पाहायला जातात. तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत, खाली पाहायचे. याला स्नॉर्कलिंग म्हणतात. शब्द अवघड आहे, काम सोपे आहे. पोहता येत नसले तरी चालते, मात्र सोबत जाणता माणूस पाहिजे.

जाणता माणूस धक्क्यावर भेटला. धक्का म्हणजे बोटी लागतात ती जागा. तेथे भाव करणारे पुष्कळ असतात. आम्ही आधी सगळे विचारून घेतले. पैशात काय काय येते? पाण्यात किती वेळ? फोटोचे वेगळे द्यायचे का? एकाने आम्हाला लगेच बोटीकडे नेले. वर्गातील मंडळी नुकती वाचू लागलेली, त्यामुळे दिसेल ते वाचतात. एका तरुणाने बोटीच्या अंगावरची अक्षरे लावली आणि तो थांबला. "गुरुजी, इथं लिवलं आहे, प्रवासी 10. आपण तर चौदा."

बोटवाला हसला. "चार माणसांनी काय होतंय? सगळे असेच जातत."

आम्ही चढलो नाही. का, ते सांगतो. 14 सप्टेंबर 2021 रोजी वर्धा नदीत, आपल्या शेजारच्या वरुड तालुक्यात झुंज येथे एक लहान नाव उलटली. अकरा जण बुडाले. आपल्याच नदीत, आपल्या हाकेच्या अंतरावर. आणि मे 2022 मध्ये मालवणजवळच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघे दगावले. बोटीवर लिहिलेला आकडा हा शोभेचा नसतो. बोट किती भार पेलते ते पाहून तो ठरवतात. वाचता न येणाऱ्याला तो आकडा दिसतच नाही, आणि वाचता येणारे बहुतेक तो वाचत नाहीत. बोटवाला रागावला. "एवढे लांबून आलात नि आता मागे फिरता?" आम्ही दुसऱ्या माणसाकडे गेलो. त्याने न सांगता दोन बोटी केल्या आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट दिले. जॅकेट म्हणजे तरंगणारा कोट. नुसता अंगात घालून भागत नाही. समोरचे पट्टे आवळायचे असतात. पट्टे सैल राहिले तर पाण्यात कोट वर तरंगतो आणि माणूस त्यातून खाली निसटतो. त्या माणसाने प्रत्येकाचा कोट खांद्याला धरून वर ओढून पाहिला. मग एक कागद पुढे केला. दम्याचा, हृदयाचा, फिटचा आजार असल्यास सांगावे, असे त्यात होते. आमच्यातील एका गृहस्थांनी दमा असल्याचे लिहिले आणि ते बोटीतच बसून राहिले. खोटे लिहिले असते तर कोणाला कळले असते? पाण्यात मात्र कळले असते.

या माणसाने आम्हाला सकाळी सातलाच बोलावले होते. त्याला विचारले, "भरतीची वेळ कशी काढता?" तो म्हणाला, "तिथीची पाऊणपट करूची." आम्ही चकित झालो. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ करून घेत. पोरे म्हणत, हिचा उपयोग काय? तो इथे समुद्रावर भेटला. त्या दिवशी अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, आणि पूर्ण ओहोटी बाराच्या सुमारास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. भरती म्हणजे पाणी चढणे, ओहोटी म्हणजे उतरणे. दिवसरात्रीत दोनदा चढते, दोनदा उतरते. हे चंद्र आणि सूर्य यांच्या ओढीने होते. अमावास्या-पौर्णिमेला दोघे एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. अष्टमीला दोघांची ओढ काटकोनात असते, म्हणून पाणी कमी चढते आणि कमी उतरते. त्याला भांगाची भरती म्हणतात. अशा दिवशी पाण्याला धाव कमी असते, गाळ कमी उठतो आणि तळ चांगला दिसतो. पावसाळ्यात तर हे सगळे बंदच असते.

बोट किल्ल्याजवळच्या खडकांत थांबली. नांगर टाकला. पाणी दीड-दोन पुरुष खोल. पहिल्याने मास्क चढवायचा. हा काचेचा चष्मा नाकासकट चेहऱ्यावर बसतो. त्यात प्रत्येकाने थुंकायचे आणि ती थुंकी काचेला आतून चोळून धुवायची! बायांनी नाके मुरडली. पण तसे केले नाही तर काचेवर वाफ धरते आणि काही दिसत नाही. नाक झाकलेले, म्हणून श्वास तोंडाने. नळीचा रबरी तुकडा दातांत धरायचा, ओठ मिटायचे, आणि सावकाश श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. बोटीत बसूनच ही तालीम झाली. घाई करणाऱ्याच्या तोंडात खारे पाणी जाते. आमच्या गेले.

मास्क कशाला? उघड्या डोळ्यांनी पाण्यात पाहा, सारे धूसर. आपला डोळा हवेतून पाहण्यासाठी घडलेला आहे. काच डोळ्यापुढे हवा धरून ठेवते, म्हणून स्वच्छ दिसते. पण एक फसगत होते. पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते आणि मोठी वाटते. चार हातांवरचा मासा तीन हातांवर दिसतो. पुन्हा पाऊणकीच म्हणा. मंडळी, हे घरी जाऊनही लक्षात ठेवण्यासारखे आहे. काठावरून पाहिले की डोहाचा तळ असाच वर आलेला दिसतो. चार हात पाणी तीन हात वाटते. आपल्याकडे पोरे नदीच्या डोहात उडी घेतात ती याच भरवशावर.

ज्याने बोटीवरचा आकडा वाचला होता, त्या तरुणाने विचारले, "नळी दहा हात लांब केली तर तळाला बसून श्वास घेता येईल का?" प्रश्न चांगला होता. उत्तर, नाही. पाण्याला वजन असते. एक मीटर खोल गेलो तर छातीच्या फूटभर लांब, फूटभर रुंद भागावर पाण्याचा सुमारे 90 किलो भार पडतो. संत्र्याचे चार-पाच भरलेले क्रेट छातीवर ठेवा आणि श्वास घेऊन पाहा. शिवाय लांब नळीत सोडलेलाच श्वास अडकून राहतो आणि तोच पुन्हा आत येतो. म्हणून नळी हातभराचीच. जे खोल जातात ते दाबून भरलेल्या हवेची टाकी पाठीवर घेतात. तो वेगळा विषय, आणि त्याला वेगळे शिक्षण लागते.

दोघे-दोघे पाण्यात उतरलो. मार्गदर्शकाने एका रबरी कड्याला हात धरायला लावले आणि कडे तो ओढू लागला. तोंड पाण्यात घातले. आधी स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येतो. मग तळ दिसतो.

काय सांगावे! खडकाच्या अंगावर बारीक छिद्रांचे, गोल गोल, पिवळट-करडे उंचवटे. ते दगड नव्हेत. ती प्रवाळे आहेत. आपण अंगठीत जे पोवळे घालतो त्याचेच हे भाऊबंद. मोहरीएवढे-मुगाएवढे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. मेलेल्यांच्या घरांवर जिवंत जीव नवी घरे बांधतात. असे उंचवटे वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. तळहाताएवढा उंचवटा म्हणजे आपल्या संत्र्याच्या झाडाच्या वयाचा, नाहीतर त्याहून म्हातारा. त्यावर पाय दिला की वर्षांची बांधणी मोडते, आणि पायही कापतो. म्हणून मार्गदर्शक सारखा ओरडत होता, "पाय नको, पाय नको!" मालवणचा हा समुद्र 1987 मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि प्रवाळ तोडणे, नेणे हा कायद्याने गुन्हा आहे.

उंचवट्यांमधून मासे फिरत होते. अंगावर काळे उभे पट्टे असलेले पिवळसर मासे झुंडीने आले. चोचीसारखे तोंड असलेला निळा-हिरवा पोपट मासा खडक खरडताना दिसला. खडकाच्या फटीत काळे काटे ताठ उभे करून समुद्री साळू बसलेले. त्याच्या काट्यावर पाय पडला तर चार दिवस चालता येत नाही. शेजारच्या बोटीतून कोणी पावाचे तुकडे टाकत होते. मासे पावाकडे धावले आणि खडक रिकामा झाला. आम्हाला हे आवडले नाही. माशाला माशाचे खाणे आहे, त्याला पावाची सवय कशाला?

आम्ही वर आलो तर मोवाडच्या बाई बोटीच्या कडेला वाकून बसलेल्या. चपला राखायचे विसरल्या होत्या. "काय दिसते, गुरुजी?" आम्ही म्हटले, "आम्ही सांगून काय होणार?" मार्गदर्शकाने त्यांना उतरायचा आग्रह केला नाही. हे त्याचे आम्हाला फार आवडले. त्याने एवढेच म्हटले, "मावशी, उतरूचा नाय. शिडीवर बसा, मी हात धरतंय. निसता तोंड पाण्यात." बाईंनी लुगड्याचा काचा घट्ट केला, जॅकेटचा पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसल्या. मास्क लावला. एका हाताने शिडी, दुसऱ्याने त्याचे मनगट. पहिल्यांदा तोंड घातले आणि झटकन बाहेर काढले. खोकला आला. कोणी हसले नाही. पाच मिनिटे तशाच बसल्या. मग पुन्हा घातले, आणि यावेळी बराच वेळ वर आल्या नाहीत. नळीतून श्वासाचा आवाज येत होता, आधी भराभर, मग सावकाश.

वर आल्यावर त्यांनी मास्क काढला. डोळे लाल झाले होते, खाऱ्या पाण्याने की कशाने, आम्ही विचारले नाही. त्या म्हणाल्या, "तळ दिसते व माय. आमच्या पुराले तळ नव्हता. नुसता गढूळ." थोड्या वेळाने त्यांनी मास्क पुन्हा मागितला.

दुपारी किल्ला पाहिला. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. आमच्या बायांना तटापेक्षा याच विहिरींचे नवल अधिक. शेतकऱ्याच्या घरची बाई आधी पाणी पाहते, मग भिंती. उन्हाने पाठी भाजल्या होत्या. पुढच्या खेपेला कोणी गेले तर पाण्यात उतरताना अंगात बाह्यांचा सदरा ठेवावा.

गावी आणायला प्रत्येकाने काजू आणि मालवणी खाजे घेतले. धक्क्याजवळ एक पोरगा प्रवाळाचा तुकडा विकायला घेऊन उभा होता. तो कोणी घेतला नाही. मोवाडच्या बाईंनी मात्र समुद्राचे लिटरभर पाणी बाटलीत भरून आणले. वर्गात त्यांनी ते पसरट थाळीत ओतले आणि थाळी गच्चीवर उन्हात ठेवली. पाणी आटायला काही दिवस लागले. तळाशी पांढरे मीठ उरले, दोन मोठे चमचे भरून. वर्गातल्या सगळ्यांनी ते बोटाला लावून चाखले, आणि बाईंनी फळ्यावर पहिल्यांदाच न विचारता शब्द लिहिला, "मीठ". वेलांटी त्यांनी पहिलीच काढली होती, ती पुसून दुसरी केली.