जुन्या पिकअप गाडीचा सांगाडा व नवें इंजिन

मागील दिवाळीच्या सुट्टींत तळेगांव ढमढेरे येथें एका परिचित शेतकरी कुटुंबाकडे आम्हीं एक जुनी विलीज पिकअप गाडी पाहिली. आजोबांच्या काळची ही गाडी इंजिन झिजल्यामुळें गोठ्यामागें उभी होती. दुसऱ्या जीपचें डिझेल इंजिन व गिअरबॉक्स स्वस्तांत मिळाले होते. ते बसत नाहींत, तर सांगाड्याचा मधला आडवा मेंबर कापावा, असा घरांतील तरुणांचा आग्रह होता. कारण कांदा काढणीस आला होता. वृद्ध कारागीर मात्र म्हणाला, "आधीं मापें घेऊं." त्याचें म्हणणें कां योग्य होतें, हें आमच्या विद्यार्थिमित्रांनीं समजून घेण्यासारखें आहे.

अशी अदलाबदल आपल्याकडे अपूर्व नाहीं. १९४७ सालीं महिंद्रा कंपनीनें मुंबईंत विलीज जीपची जोडणी सुरू केली. त्या काळच्या विलीज जीपचें पेट्रोल इंजिन २१९९ घनसेंटिमीटरचें असे. पुढें १९७९ सालीं कंपनीनें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशीं डिझेल इंजिनासाठीं करार केला, व तें इंजिन इगतपुरीस तयार होऊं लागलें. डिझेल इंजिनांत हवा अधिक दाबली जाते. म्हणून त्याचे भाग जड असतात व हिसकेहि मोठे बसतात. तें सारें अखेर सांगाड्यास सोसावें लागतें.

हा सांगाडा, ज्यास गॅरेजांत चासी म्हणतात, शिडीसारखा असतो. दोन लांब बाजूपट्ट्या व त्यांस जोडणारे आडवे मेंबर. मेंबर केवळ गिअरबॉक्स धरीत नाहींत. एक चाक खड्ड्यांत गेलें असतां चासीस बसणारा पीळहि तेच आवरतात. म्हणून नवा मेंबर पक्का होईपर्यंत जुना काढूं नये.

घरीं एक प्रयोग करून पाहा. लाकडी पट्टी आडवी धरून वाकवा. ती सहज वाकेल. तीच कडेवर उभी धरा. वाकणें कठीण होईल. जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वाकण्यास होणारा विरोध आठपट होतो. भारानें वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मध्यावर हा ताण अगदीं थोडा असतो. यास्तव बोल्टाचें भोंक बाजूपट्टीच्या उभ्या भागाच्या मध्याजवळ पाडावें. वरच्या वा खालच्या कडेस छेद देऊं नये.

कारागिरानें गाडी सपाट फरशीवर चार लोखंडी घोड्यांवर ठेविली. चासीच्या ठराविक भोंकांतून ओळंबा सोडून त्यानें खालीं खडूच्या खुणा केल्या व दोन्ही कर्ण मोजले. आयताचे कर्ण समान असतात, हें आपण भूमितींत शिकतों. येथें अर्ध्या इंचाचा फरक निघाला! पूर्वीं केव्हां तरी बसलेल्या धक्क्यानें चासी तिरकी झाली होती. त्याच दिवशीं मेंबर कापून नवा जोडला असता, तर तो तिरकेपणा कायमचा पक्का झाला असता.

मग इंजिन साखळीनें टांगून पाहिलें. पाटे पुरते दबले तरी पुढचा ॲक्सल तेलाच्या चेंबरला लागूं नये, इतकी जागा हवी. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस कोनांत फिरला कीं गति एकसारखी देत नाहीं. गिअरबॉक्सचा दांडा व मागील ॲक्सलचा दांडा समांतर ठेविले, म्हणजे दोन्ही टोकांचे कोन समान होतात व एकाची चूक दुसरा भरून काढतो. जड इंजिनास पाटे व ब्रेक पुरतील काय, हेंहि पाहावें लागतें.

एवढ्यानें काम संपत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणें इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची संमति हवी. उत्पादकानें ठरविलेल्या मूळ रचनेशीं विसंगत बदल करतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानेंहि २०१९ सालीं सांगितलें आहे. म्हणून कुटुंबानें प्रथम अर्ज केला. नकारहि येऊं शकेल, हें त्यांस ठाऊक आहे.

त्या हंगामांत कांदा भाड्याच्या टेम्पोनें शिक्रापूरमार्गें पुण्यास गेला. भाडें गेलें, तरुण थोडे हिरमुसले. परंतु त्याच गाडीच्या मागील हौद्यांत उद्यां घरचीं मुलें बसतील, याचा विचार करतां तो खर्च आम्हांस अल्पच वाटतो. कापलेलें लोखंड जोडतां येतें. पण न घेतलेल्या मापाची भरपाई रस्त्यावर करतां येत नाहीं.