दुधाचे वावडे आणि थेंबाथेंबाचा उपचार
(पालकांसाठी व रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी पाठ)



नाताळाचे प्रीतिभोजन असो, कापणीचा सण असो की रविवारच्या शाळेचा बक्षीस समारंभ असो, मुलांच्या हातावर काही गोड ठेवल्यावाचून आपला कार्यक्रम पुरा होत नाही. आम्हा बेळगावकरांकडे तर कुंदा हवाच. परंतु वर्गातील एखाद्या बालकाच्या जिवावर तोच कुंदा बेतू शकतो. आमच्या धाकट्या मुलास दुधाचे असे वावडे आहे व गेली दोन वर्षे त्याच्यावर उपचार चालू आहेत. त्यातून जे शिकावयास मिळाले ते येथे मांडीत आहोत.

१. वावडे म्हणजे काय?

दूध न पचणे वेगळे आणि दुधाची ॲलर्जी वेगळी. पहिल्यात दुधातील साखर पचत नाही. पोट फुगते, जुलाब होतात, पण जिवास धोका नसतो. दुसऱ्यात शरीराची संरक्षक शक्ती दुधातील प्रथिनांनाच शत्रू समजते. मग काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, श्वास अडतो, आणि रक्तदाब उतरून मूल बेशुद्धही पडते. या तीव्र स्थितीला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. ‘गाईचे सोसत नाही तर शेळीचे द्या,’ असे पुष्कळ जण आपुलकीने सुचवितात. परंतु गाय, म्हैस व शेळी यांच्या दुधातील प्रथिने इतकी सारखी असतात की, एकाचे वावडे असलेल्या मुलास बहुधा दुसरेही सोसत नाही.

२. उपचार कसा चालतो?

ही कल्पना नवी नाही. १९०८ साली लंडनच्या डॉ. स्कोफील्ड यांनी अंड्याचे वावडे असलेल्या एका १३ वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांनी अंड्याच्या दहा हजाराव्या भागापासून आरंभ करून मात्रा हळूहळू वाढविली, आणि काही महिन्यांनी तो मुलगा अंडे खाऊ लागला. अलीकडे २०१८ मध्ये शेंगदाण्याच्या ॲलर्जीवरील एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ४ ते १७ वर्षांच्या ज्या मुलांना उपचार मिळाला, त्यांपैकी सुमारे ६७ टक्के मुलांना शेवटी ६०० मिलिग्रॅम, म्हणजे साधारण दोन दाण्यांइतके प्रथिन सोसले; ज्यांना मिळाला नाही त्यांच्यापैकी फक्त ४ टक्के मुलांना. मात्र काही मुलांना त्रासामुळे उपचार मध्येच सोडावा लागला.

बहुतेक मुलांचे दुधाचे वावडे वाढत्या वयाबरोबर आपोआप जाते. आमच्या मुलाचे सहाव्या वर्षीही गेले नाही, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांनी हा मार्ग सुचविला. पहिल्या दिवशी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखत, पुष्कळ पाणी घातलेल्या दुधाचे काही थेंब दिले. मात्रा वाढवावयाची ती रुग्णालयातच. मग तेवढीच मात्रा घरी रोज. आज तो दिवसाला १०० मिलिलिटर दूध घेतो. हा प्रयोग कोणीही घरी आपल्या मनाने करू नये.

३. घरातील शिस्त

मात्रा उपाशी पोटी द्यावयाची नाही. दिल्यानंतर दोन तास धावणे-खेळणे बंद. ताप किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जावयाचे नाही, कारण निरोगी दिवशी सोसलेली मात्रा आजारात सोसेलच असे नाही. आमच्याकडे २० मिलिलिटरवर असताना एका संध्याकाळी नेहमीचीच मात्रा घेतल्यावर मुलाच्या अंगभर गांधी उठल्या व खोकला थांबेना. शिकविल्याप्रमाणे मांडीत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन दिले व रुग्णालय गाठले. रात्री त्यास ताप चढला, तेव्हा कारण उमगले. डॉक्टरांनी मात्रा खाली आणली आणि पुन्हा पायरी-पायरीने चढविली. त्या आठवड्यात उपचार सोडून द्यावा असे आमच्या मनात अनेकदा आले. परंतु मुलगाच म्हणाला, “थोडे थोडेच घेऊ, पण घेऊ.”

४. मंडळीने काय ध्यानात ठेवावे?

हा उपचार म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे. रोजची मात्रा खंडित झाली तर कमावलेली सहनशक्ती पुष्कळदा ओसरते. शिवाय सोसते ते मोजलेले दूध. कुंदा दूध आटवून होतो, म्हणून त्याच्या लहानशा वडीतही त्या मापाहून अधिक दूध असू शकते. ‘आता मी कुंदा खाऊ का?’ असे मुलगा दर नाताळात विचारतो आणि आम्हास ‘अजून नाही’ असे सांगावे लागते.

काही जण म्हणतात, “विश्वास असेल तर एक तुकडा काय करील?” आम्ही रोज प्रार्थना करतो आणि इंजेक्शनही जवळ ठेवतो, या दोहोंत विरोध आहे असे आम्हास वाटत नाही. रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल अन्नाविषयी लिहितो. तेथील प्रश्न आजाराचा नाही, विवेकबुद्धीचा आहे. तरीही आपल्या ताटामुळे भावाचे नुकसान होऊ नये ही त्याची कळकळ येथेही लागू पडते. म्हणून मुलाच्या विश्वासाची परीक्षा पेढ्याने पाहू नये.

शिक्षकांसाठी सूचना :

(अ) वर्ष सुरू होताना प्रत्येक पालकास मुलाच्या वावड्याविषयी विचारून लिहून ठेवावे.

(आ) खाऊ वाटण्यापूर्वी त्यात काय काय आहे ते विचारावे. बिस्कीट, केक, तूप यांतही दूध असते.

(इ) त्या मुलास वेगळे बसवू नये. सर्वांनाच चालेल असा खाऊ, उदाहरणार्थ फळे, आणावा.

(ई) तीव्र लक्षणे दिसताच मुलाचे ॲड्रेनलिन आधी द्यावे. ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. मुलास आडवे निजवावे, श्वास अडत असल्यास बसू द्यावे, पण चालवू नये. १०८ वर गाडी बोलवावी.

चर्चेसाठी प्रश्न :

१. आपल्या वर्गात कोणास कशाचे वावडे आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?

२. येत्या प्रीतिभोजनात कोणता पदार्थ बदलला तर प्रत्येक मूल एकाच पंगतीत बसून जेवू शकेल?