ऊसतोडीचा हंगाम आणि मुलांची शाळा



दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतील वाड्या-तांड्यांवरून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे निघतात. भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, शेळी आणि लेकरे बरोबर घेऊन ही कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. तोवर शाळेचे सुमारे निम्मे वर्ष संपलेले असते. शिक्षणाने गरिबी हटते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. ते केव्हा खरे ठरते आणि कोठे अडते, हे आज आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ या.

१. शाळा आली, पण मूल टिकले का?

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी शिक्षणात उर्दूला अग्रस्थान होते आणि खेड्यातील गरिबाच्या मुलाला शाळा दूरच राहिली. त्यानंतर चित्र पालटू लागले. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय सुरू केले, १९५८ मध्ये तेथे विद्यापीठ झाले आणि १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ आले. गावोगावी जिल्हा परिषदेच्या शाळा निघाल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला.

असे असूनही २०११ च्या जनगणनेत राज्यात शंभरातील ८२ हून अधिक लोक साक्षर होते, तर आपल्या जिल्ह्यात सुमारे ७३. स्त्रियांचे प्रमाण त्याहूनही खाली होते. शाळेची इमारत जवळ आली, पण मुलाला वर्गात बसू देईल अशी घरची परिस्थिती सगळीकडे आली नाही.

२. इतर देशांचा अनुभव

इंडोनेशियाने १९७३ नंतरच्या पाच-सहा वर्षांत ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. जेथे जास्त शाळा निघाल्या तेथील मुले जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची कमाईही वाढली, असे अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ मध्ये दाखवून दिले. २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी त्या एक आहेत.

मेक्सिकोची अडचण वेगळी होती. तेथे शाळा होत्या, पण गरिबाचे मूल कामाला जाई. १९९७ मध्ये तेथील सरकारने मूल नियमित शाळेत गेले तर आईच्या हाती रोख रक्कम देण्यास सुरुवात केली. माध्यमिक वर्गातील मुलींसाठी ही रक्कम मुलांपेक्षा अधिक होती. त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या विशेष वाढली. नावे बदलत ही योजना वीस वर्षांहून अधिक काळ चालली.

यावरून दोन गोष्टी कळतात. शाळा नसेल तर ती बांधावी लागते. शाळा असूनही मूल येत नसेल, तर घरची कोणती अडचण त्याला ओढून नेते, ते पाहून तीच दूर करावी लागते. आपल्याकडचा प्रश्न मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचा आहे.

३. उचलीचे गणित

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. हंगामापूर्वी मुकादम या जोडीला उचल देतो आणि ती पुढे ऊस तोडून फेडायची असते. २०२४ च्या आरंभी तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. आता समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली. ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल. दिवसाला दोन टन धरले तर १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने. सारा हंगाम उचल फेडण्यातच गेला! त्यात आजारपण आले, खाडे पडले तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

हे गणित साधे गुणाकार-भागाकाराचे आहे. ज्याला ते येते तो उचल घेण्यापूर्वी विचार करतो, आपल्या टनांची नोंद ठेवतो आणि हिशेबाच्या वेळी वही दाखवू शकतो. ज्याला येत नाही, त्याला दुसऱ्याच्या वहीवर विश्वास ठेवावा लागतो. शिक्षण आणि गरिबी यांचा संबंध येथे अगदी उघड दिसतो. आईबापांची उचल मुलाची शाळा तोडते, आणि शाळा तुटलेले मूल मोठे होऊन पुन्हा उचलच घेते.

४. मुलींचे दुहेरी नुकसान

फडावर धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, भाकरी करणे ही कामे थोरल्या मुलीवर येतात. ती वयात आली की तिला कोपीवर एकटी कशी ठेवावी, ही चिंता आईबापांना असते. शिवाय जोडी झाली की उचल मिळते. मग लग्न लवकर उरकले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांआधी झालेले आढळले. राज्याचे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. दहावी-बारावीपर्यंत वर्गात बसलेल्या मुलीचे लग्न आपोआप पुढे जाते, आणि तिची मुलेही शाळेत टिकण्याचा संभव वाढतो.

५. आपण काय करू शकतो?

पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये राष्ट्रांच्या विकासाविषयी लिहिलेल्या पत्रात मूलभूत शिक्षणाला विकासाच्या आराखड्यात पहिले स्थान दिले. हे काम केवळ सरकारचे किंवा धर्मभगिनींच्या शाळांचे आहे, असे आपण समजू नये.

स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहाची सोय करता येते. मूल आजी-आजोबांजवळ राहते, शाळेत जाते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था होते. मात्र त्यासाठी पालक निघण्यापूर्वी मुलांची नावे शाळेकडे नोंदवावी लागतात. मूल बरोबर न्यावेच लागले तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. कायद्याने नव्या गावची शाळा त्याला कोणत्याही महिन्यात प्रवेश नाकारू शकत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला हे कारणही चालत नाही. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजना मंजूर केली. तिच्या जिल्ह्यांत परभणीही आहे. आपल्या तालुक्यात तिचे काम कोठवर आले, याची चौकशी आपण पंचायत समितीत करू शकतो.

सगळ्या योजनांपेक्षा जवळचा आधार शेजाऱ्याचा असतो. आजीला दिसत नसेल तर संध्याकाळी त्या मुलाचा अभ्यास घेणारा कोणी तरी हवा. आजारपणात त्याला दवाखान्यात नेणारे आणि आठवड्यातून एकदा फडावरच्या आईशी फोनवर बोलणे करून देणारे घर हवे. तेवढा भरवसा मिळाला तर पुष्कळ आईबाप मुलाला मागे ठेवायला तयार होतील.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतून यंदा कोणती कुटुंबे ऊसतोडीला जाणार आहेत? त्यांच्या मुलांची नावे शाळेत नोंदली आहेत का?
२. गेल्या वर्षी हंगामानंतर कोणते मूल शाळेत परतले नाही? त्याच्या घरी आपल्यापैकी कोण जाईल?
३. एका मुलाचा पाच महिने सांभाळ करण्यासाठी आपली चार घरे मिळून काय वाटून घेऊ शकतील?