घराची राखण : कडी, कुलूप आणि शेजार

दिवेलागणी झाली की परसदाराची कडी लावावयाची, निजावयाच्या आधी पुढच्या दाराला अडसर घालावयाचा आणि अंथरुणावर पडल्यावर ‘कडी लावली ना?’ असे एकदा विचारून घ्यावयाचे, हा आपल्याकडील बहुतेक घरांचा नित्यक्रम आहे. तो इतका अंगवळणी पडलेला असतो की त्यामागे काही विचार आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः घराची राखण हे एक शास्त्र आहे. त्याचा काही भाग सुताराकडे व लोहाराकडे असतो, काही कायद्यात आणि बराचसा शेजारधर्मात. गावपातळीवर काम करणारे अधिकारी, शिक्षक आणि पंचायतीचे सदस्य यांनी हे तिन्ही भाग समजून घेतले, तर ग्रामसभेत वा वर्गात ते इतरांस समजावून देता येतील.

वाड्याने शिकविलेले धडे

जुन्या वाड्याची बांधणी पाहिली तर संरक्षणाचा विचार पायापासून केलेला आढळतो. रस्त्याकडील भिंतीस खालच्या मजल्यावर खिडक्या जवळजवळ नसतच. मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी असे. दिंडीतून आत येणाऱ्यास वाकावे लागे आणि एका वेळी एकच माणूस येऊ शके. दारामागील अडसराची योजना तर आजही शिकण्यासारखी आहे. चौकटीच्या दोन्ही बाजूंस भिंतीत खोल घरे ठेवून त्यांत आडवे लाकूड सरकविले की दारावर पडणारा धक्का कडीवर किंवा खिळ्यांवर न येता थेट भिंतीवर जातो. शिवाय अडसर फक्त आतूनच काढता येतो. धान्यासाठी जमिनीत पेव आणि भिंतीत बळद असे. गावाला वेस असे, वेशीवर येसकर असे आणि रात्री जागल्या फेरी घाली. म्हणजे घराच्या दारापूर्वी गावाचे दार होते.

ही व्यवस्था आता राहिलेली नाही. तिच्यातील वतनदारी व जातीची सक्ती गेली, हे इष्टच झाले. परंतु घर एकटे राखता येत नाही, हे तिच्यातील मर्म विसरून चालणार नाही.

कायद्याने सांगितलेल्या सहा वाटा

चोर घरात कसा शिरतो याची सर्वांत नेमकी यादी कोणत्याही कुलपाच्या जाहिरातीत नसून कायद्याच्या पुस्तकात आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘घरफोडी’ या गुन्ह्याची व्याख्या करताना प्रवेशाचे सहा प्रकार दिले होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये तेच कायम आहेत. पहिला, स्वतः पाडलेल्या वाटेने, म्हणजे भिंत फोडून. दुसरा, माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंत चढून. तिसरा, घरधन्याच्या मनात नसलेल्या रीतीने एखादी वाट उघडून. चौथा, कुलूप उघडून. पाचवा, मारहाण किंवा दमदाटी करून. आणि सहावा, बंद केलेली वाट खुली करून.

ही यादी हाती घेऊन प्रत्येकाने आपल्या घराभोवती एक फेरी मारावी. पहिल्या प्रकारासाठी मातीच्या भिंतीचा ओलीने भुसभुशीत झालेला भाग पाहावा. दुसऱ्यासाठी माळवदाला उजेडाकरिता ठेवलेले सवणे, न्हाणीघराची खिडकी, कौलांची सैल झालेली ओळ, भिंतीलगत वाढलेली झाडाची फांदी आणि बाहेर पडून राहिलेली शिडी पाहावी. तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून कायद्यात दाराच्या भोकातून तार घालून आतली खिट्टी उचलण्याचा प्रसंग दिलेला आहे. असे भोक आपल्या दारास आहे काय, ते तपासावे. चौथ्यासंबंधी कायद्यातील दाखला असा, की हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कोणी दार उघडून आत शिरला, तरी ती घरफोडीच होय. किल्ली हरविल्यास कुलूप बदलावे, हा त्यातील व्यवहार. पाचव्यासाठी रात्री दार ठोठावणारा कोण आहे, हे आधी आतून विचारावे व मगच कडी काढावी. सहाव्यासाठी, निजण्यापूर्वी सर्व कड्या एकाच माणसाने पाहाव्यात. ‘त्याने लावली असेल’ या समजुतीत पुष्कळ दारे रात्रभर उघडी राहतात.

उघड्या दारातून आत येणे या सहांत बसत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. राहत्या घरातील चोरी म्हणून कलम ३०५ खाली त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीच्या हेतूने घरफोडी केल्यास हीच मर्यादा चौदा वर्षांपर्यंत जाते. लावलेल्या कडीला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे, ते असे.

कुलपाची कुवत

कुलूप घेताना बहुतेक जण त्याचे वजन पाहतात. खरे पाहावयाचे ते आतील यंत्र. एका प्रकारात अनेक पट्ट्या असतात. योग्य किल्ली प्रत्येक पट्टी ठराविक उंचीपर्यंत उचलते, तेव्हाच खटका सरकतो. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ साली या रचनेचे पेटंट घेतले. दुसऱ्या प्रकारात लहान पिना असतात व किल्लीच्या दात्यांनी त्या एका रेषेत आल्या की नळकांडे फिरते. लायनस येल या अमेरिकन कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तो प्रचारात आणला. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपे तयार करण्यास आरंभ केला, तर अलीगढचे नाव या धंद्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पट्ट्या किंवा पिना जितक्या अधिक, तितके कुलूप बनावट किल्लीस दाद देत नाही.

परंतु कुलूप उघडीत बसण्याइतकी सवड चोरास क्वचितच असते. तो पहार घालून कोयंडाच उचकटतो. कोयंडा दोन आखूड स्क्रूंवर असेल तर किमती कुलूप कोयंड्यासकट हाती येते. म्हणून कोयंडा दाराच्या आरपार नट-बोल्टने बसवावा व नट आतील बाजूस असावा. बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरून काढता येतील असे नसावेत. चौकट भिंतीत पक्की धरलेली असावी. शंभर रुपये अधिक खर्चावयाचे असतील तर ते आधी कोयंड्यावर खर्चावेत, मग कुलपावर.

दागिन्यांचा डबा धान्याच्या कणगीत किंवा देव्हाऱ्यामागे ठेवण्याची प्रथा जुनी आहे, आणि ती चोरासही तितकीच ठाऊक आहे. रोजच्या वापरात नसलेला ऐवज बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणे बरे. दागिन्यांची छायाचित्रे व पावत्या मात्र निराळ्या जागी जपाव्यात. मुद्देमाल सापडल्यावर तो आपलाच आहे, हे त्यांच्या आधारे सांगता येते.

बंद घराचा दिवा

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त बीड जिल्ह्यातील एका वाडीवर जाणे झाले. दिवाळी उलटून गेली होती आणि ऊसतोडणीसाठी निम्म्याहून अधिक वाडी कारखान्यांकडे गेलेली होती. संध्याकाळी एक वृद्धा हाती तेलाची बुधली घेऊन एकेका बंद घराच्या ओसरीवर जात होती आणि कोनाड्यात दिवा लावून पुढे सरकत होती. तिच्या कमरेला पाच घरांच्या किल्ल्या होत्या. ‘आजी, दारांना कुलपं आहेत, मग रोज दिवा कशाला?’ असे विचारले. ती म्हणाली, ‘कुलूप तर घरात कुणी न्हाई म्हणूनच सांगतंय, भाऊ. दिवा लावला म्हंजी घर जागं दिसतंय.’

घरराखणीचे सारे तत्त्व त्या एका वाक्यात आले आहे. घर रिकामे असल्याची खूण चोरास हवी असते. न झाडलेले अंगण, दारातील शिळी रांगोळी, साचलेली वर्तमानपत्रे, दिवसाढवळ्या जळणारा विजेचा दिवा आणि बाहेरून लटकणारे भले मोठे कुलूप या त्या खुणा होत. उन्हाळ्यात माणसे गच्चीवर किंवा अंगणात निजतात व खालचे दार नुसते ओढलेले असते. लग्नसराईत सारे घर वऱ्हाडात जाते. या काळात एका विश्वासू शेजाऱ्यास सांगून जाणे आणि त्याने अंगण झाडून सांजेचा दिवा लावणे, याला एक पैसाही खर्च येत नाही. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुले व म्हातारी माणसे मागे राहतात. त्यांच्याकडे रोज एक फेरी व्हावी, हे शिक्षकांस व सदस्यांस सहज घडवून आणता येईल.

अहिल्यानगर जिल्ह्यातील शनी शिंगणापूरची दारे नसलेली घरे सर्वश्रुत आहेत. श्रद्धेचा व परस्परविश्वासाचा तो एक आगळा नमुना खरा. तथापि तेथेही २०१५ मध्ये पोलीस ठाणे सुरू झाले, हे ध्यानात ठेवावे. विश्वास आणि व्यवस्था ही एकमेकांची वैरी नव्हेत.

चोर सोडून संन्याशाला

आता या विषयाची दुसरी बाजू. चोराची भीती गावात पसरली की ती चोरीपेक्षा अधिक घात करू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. त्यांना जेथे कोंडून मारले ते ग्रामपंचायतीचे कार्यालय होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेतून दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा बळी गेला. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

संशयाचा हा रोग जुना आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या व पुढे मुंबई इलाख्यासही लागू झालेल्या कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, कुंपण गेले; मनातील कुंपण मात्र सर्वत्र गेलेले नाही. गावात चोरी झाली की माळावरच्या पालाकडेच प्रथम बोट जाते. हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यामुळे खरा चोर निसटतो.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. घराचे व जीविताचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु रक्षणासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कोणासही नाही. आपल्या समक्ष चोरी करणाऱ्यास नागरिकाने धरून ठेवता येते. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार त्यास विनाविलंब, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. धरलेला मनुष्य पळू शकत नसेल तर त्याच्यावर उगारलेला प्रत्येक हात हा नवा गुन्हा आहे.

पंचायतीने काय करावे

पहिले काम उजेडाचे. गल्लीतील बंद दिवे आणि वस्तीलगतची झुडपे यांची पाहणी प्रत्येक अमावास्येपूर्वी करावी. दुसरे, पोलीस पाटलांच्या सहकार्याने ग्रामरक्षक दल उभारावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात त्याची तरतूद आहे. दलाची फेरी पाळीपाळीने व्हावी आणि तीत सर्व वस्त्यांतील तरुण असावेत. तिसरे, ११२ हा क्रमांक शाळेच्या व चावडीच्या भिंतीवर ठळक रंगवावा. चौथे, चोरी झाल्यास वस्तूंना हात न लावता पोलिसांची वाट पाहावी, म्हणजे ठसे राहतात, हे मुलांना वर्गात सांगावे. फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक साधनानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तीवर सही करावी लागते. नोंदीची प्रत विनामूल्य मिळते.

पाचवे काम सर्वांत महत्त्वाचे. फिरस्ता, फेरीवाला, भिक्षेकरी किंवा पालावरचे कुटुंब गावात आले, तर पोलीस पाटलाने त्यांची आपुलकीने विचारपूस करून नोंद घ्यावी आणि ती गावास कळवावी. ज्याचे नाव ठाऊक झाले तो परका राहत नाही. अफवा उठली तर सरपंचाने स्वतः चौकात उभे राहून ती खोडून काढावी. राईनपाड्यास पंचायतीचे दार पाच जीवांना वाचवू शकले नाही, ही खंत प्रत्येक गावाने आपली मानली पाहिजे.

दार हे बंद करण्यासाठी असते, तसेच उघडण्यासाठीही असते. रात्री कडी घट्ट बसावी, सांजेला शेजाऱ्याच्या ओसरीवर दिवा लागावा आणि संकटात सापडलेल्या वाटसरूस त्याच गावात पाणी मिळावे. या तिन्ही गोष्टी जेथे एकत्र नांदतात, ते गाव सुरक्षित म्हणावे.