मागच्या चाकांची चाकोरी

बैलगाडीचा आंस वांकला म्हणजे काय होतें, हें सणसवाडीच्या वडील मंडळींस सांगावयास नको. गाडी एका अंगास ओढते, चाकाची धाव एका कडेनें झिजते आणि बैल विनाकारण दमतात. मोटारीचेंही तसेंच आहे. तेथें बैलाऐवजीं टायर झिजतात, इंधन अधिक लागतें, आणि वेगामुळें जिवासही धोका असतो.

आपल्या परिसरांत मोटारींचे सुटे भाग करणारे कारखाने आहेत, व रांजणगांवास प्रत्यक्ष मोटारी तयार होतात. तेव्हां विद्यार्थ्यांनीं हा विषय समजून घेणें उचित होय. कित्येक तरुण शोभेसाठीं स्प्रिंगा आंखूड करून गाडी जमिनीलगत उतरवितात. परंतु चाक धरणारे दांडे ठराविक उंचीसाठींच आंखलेले असतात. ज्या गाडींत मागचीं चाकें स्वतंत्र दांड्यांवर असतात, तेथें उंची कमी होतांच दांडे फिरतात व चाकाची वरची कड आंत कलते. या कलण्यास कॅम्बर म्हणतात. शिवाय चाकाचें तोंडही आंत अथवा बाहेर वळतें. त्यास टो म्हणतात.

या दोहोंत टो अधिक घातक. चाक एक अंश तिरपें असेल, तर एक किलोमीटर चालतांना तें सुमारें 17 मीटर आडवें घासतें. अर्धा अंश धरला तरी पुण्यापर्यंतच्या सुमारें 30 किलोमीटरांत हें घासणें 260 मीटरांच्या घरांत जातें! मग टायराची आंतली कड लवकरच गुळगुळीत होते, आणि बाहेरून पाहणारास तें दिसतही नाहीं. पावसांत ब्रेक दाबतांच अशी गाडी मागून घसरूं शकते.

येथें एक चूक नेहमीं घडते. गाडी सरळ चालत असतां स्टिअरिंग वांकडें राहतें, म्हणून पुढचीं चाकें जुळविलीं जातात. वास्तविक मागचीं दोन्ही चाकें एका बाजूस रोखलेलीं असलीं, तर गाडीचा मागचा भाग तिकडे ढकलला जातो. अशा वेळीं पुढचें जुळविणें म्हणजे पाया वांकडा ठेवून भिंत सरळ करणें होय.

यास्तव क्रम असा असावा. प्रथम टायरांतील हवा, बेअरिंग व रबरी बुश तपासावे. दोन्ही बाजूंची उंची सारखी आहे कीं नाहीं तें मोजावें. स्प्रिंग कापलेली असल्यास ती काढून योग्य स्प्रिंग बसवावी; कारण वेटोळीं कमी झालेली स्प्रिंग अधिक ताठ होते व आपल्या बैठकींतून सुटूंही शकते. बुशांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतांनाच पक्के आवळावे. नंतर मागचीं चाकें गाडीच्या मध्यरेषेशीं जुळवावीं व पुढचीं सर्वांत शेवटीं. स्वतंत्र दांड्यांच्या गाडींत यासाठीं फिरविण्याचे बोल्ट किंवा लांबी बदलतां येणारे दांडे असतात. पुष्कळ लहान गाड्यांत मात्र मागें एकच अखंड तुळई असते. तेथें फिरविण्याजोगें कांहीं नसतें. तुळई वांकली असल्यास ती बदलावी; थोडा फरक असल्यास पाचरीसारख्या पातळ चकत्या घालून तो दूर करतात.

विद्यार्थ्यांस घरींही परीक्षा करतां येईल. सपाट फरशीवर, वडिलांच्या देखत, उभ्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ गवंड्याचा ओळंबा धरावा व रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेचें अंतर मोजावें. दोन्ही चाकांचे आंकडे ताडून पाहिले कीं कलाचा अंदाज येतो. गाडीखालीं मात्र शिरूं नये.

पालकांस एवढीच विनंती कीं, मुलानें गाडी उतरविण्याचा हट्ट धरिला, तर आधीं कायद्याची माहिती घ्यावी; 1988 च्या मोटार वाहन कायद्याचें 52 वें कलम गाडींतील फेरबदलांवर निर्बंध घालतें. आणि गाडी आधींच उतरविलेली असेल, तर आजच तिच्या मागच्या टायरांच्या आंतल्या कडेवरून हात फिरवून पाहावा. शोभा पुढून दिसते; दोष मागें, आंतल्या बाजूस लपलेला असतो.